गाव-वस्तीत जाऊन बीपी-शुगरचा अभ्यास करताय? या चुका टाळा

सर्वेक्षणाचं रजिस्टर हातात आलं की मी आधी सरासरी काढत नाही. वरच्या बीपीच्या रकान्यावर बोट ठेवून नुसते शेवटचे अंक वाचत खाली येतो. पाऱ्याच्या किंवा काट्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोनच्या अंतराने असतात. म्हणजे ०, २, ४, ६, ८ हे अंक जवळपास सारख्याच वेळा, प्रत्येकी २० टक्क्यांच्या आसपास यायला हवेत. १३०, १४०, १४०, १२०, १५० अशी शून्यांची रांग लागली असेल, तर मोजणाऱ्याने अंदाजपंचे आकडे टाकलेत. १४० हीच उच्च रक्तदाबाची रेघ धरली असेल, तर १३६ चे १४० लिहिल्यावर चांगला माणूस कागदावर रुग्ण होतो.

डॉक्टर कमी, औषधं कमी, पैसा त्याहून कमी, अशा ठिकाणी दीर्घकालीन आजार रोखण्याचे अभ्यास बहुतेक वेळा विश्लेषणात फसत नाहीत. ते फसतात उंबरठ्यावर. खालच्या चुका तिथल्याच आहेत.

हात लोंबकळता ठेवून बीपी घेणं

खुर्ची एकच असते, टेबल नसतं, म्हणून माणूस हात मांडीवर सोडून बसतो. दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली गेला, तर आकडा ७ ते ८ मिलिमीटरने (म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरने, बीपी त्यातच मोजतात) फुगतो. हे किती मोठं आहे ते एका अभ्यासावरून कळेल. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण वस्त्यांमध्ये ‘कोब्रा-बीपीएस’ नावाची चाचणी झाली. निष्कर्ष २०२० साली आले. आरोग्यसेवकांनी घरी जाऊन बीपी तपासणं, समजावणं आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांकडे पाठवणं असा तो उपक्रम होता. दोन वर्षांनी उपक्रम राबवलेल्या वस्त्यांतल्या लोकांचं वरचं बीपी नेहमीची सेवा मिळणाऱ्यांपेक्षा सुमारे ५ मिलिमीटर जास्त उतरलं होतं. इतक्या चांगल्या उपक्रमाचा फायदा ५, आणि लोंबकळत्या हाताची चूक ७!

उपाय साधा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. पाच मिनिटं शांत बसवा, पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, दंडाच्या मापाचा पट्टा, बोलणं बंद. हात टेकायला काहीतरी बरोबर न्या. पालथा डबाही चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘स्टेप्स’ पद्धतीत तीन वेळा मोजून शेवटच्या दोन नोंदींची सरासरी घेतात. तिसरी नोंद ‘वेळ नाही’ म्हणून गाळली जाते, त्यामुळे फॉर्मवर तिन्हींची वेळ लिहायला लावा. तीन नोंदी एकाच मिनिटातल्या दिसल्या, की काय झालं ते कळतं.

‘सगळ्यांचं बीपी उतरलं’ म्हणून पेढे वाटणं

एकाच दिवशी मोजून ज्यांचं बीपी चढलेलं दिसलं, तेवढेच लोक निवडले, तर पुढच्या वेळी काहीही न करता त्यांची सरासरी खाली येते. त्या दिवशी काहींचं बीपी योगायोगाने वर होतं, इतकंच. वर सांगितलेल्या चाचणीत तुलनेच्या, म्हणजे नेहमीचीच सेवा मिळणाऱ्या, वस्त्यांमध्येही ते ४ मिलिमीटरच्या आसपास उतरलं होतं. तुलनेचा गट नसता, तर हा आकडाही उपक्रमाच्या खात्यात जमा झाला असता. तेव्हा तुलनेचा गट ठेवाच, आणि भरती निदान दोन वेगळ्या दिवसांच्या नोंदींवर करा.

आणखी एक. ज्या ताईंनी वर्षभर घरोघरी सल्ला दिला, त्यांनाच शेवटचं मोजमाप करायला लावू नका. त्या लबाडी करतील असं नाही. पण आपल्या माणसाचं १४२ दिसलं, की ‘थांबा, पुन्हा बघू’ असं कुणीही म्हणेल.

अकरा वाजता दार वाजवणं

आकडेवारीत दोन तृतीयांश बायका आणि बाकी म्हातारी माणसं दिसत असतील, तर फेरीची वेळ तपासा. कामावरचे पुरुष आणि मजुरीला गेलेल्या बायका दोघंही त्या वेळी घरी नसतात. तंबाखू, दारू, बीपी हे सगळं ज्यांच्यात शोधायचं, तेच सुटतात. पहाटे किंवा संध्याकाळी जा, सुट्टीच्या दिवशी जा, एका घराला तीन फेऱ्या द्या. तरीही न भेटलेल्यांचं वय आणि लिंग लिहून ठेवा. ‘तो नाही तर त्याचा भाऊ’ ही अदलाबदल मात्र अजिबात नको.

माणसं मोजली, गावं मोजलीच नाहीत

एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून गावागणिक उपक्रम वाटला की १००० माणसं १००० राहत नाहीत. समजा प्रत्येक गावातून ५१ जण घेतले आणि त्यांच्यातल्या सारखेपणाचं माप ०.०२ आहे. गणित असं: १ + (५१ − १) × ०.०२ = २. माणसांच्या संख्येला या दोनने भागायचं, म्हणजे तुमच्या हजारांची ताकद पाचशेंची. पैसे उरले असतील तर त्याच गावात आणखी माणसं घेण्यापेक्षा नवी गावं घ्या.

मेसेज पाठवला की काम झालं

बांगलादेशातल्या ९६ गावांत झालेल्या ‘डी-मॅजिक’ चाचणीत काही गावांना मोबाइलवर आवाजी संदेश गेले. काही गावांत लोकांचे गट दर महिन्याला बसले, आपल्याच अडचणी त्यांनी ओळखल्या आणि त्यावरचे उपायही स्वतः ठरवले. २०१९ साली निकाल आला. संदेशांनी मधुमेहाची माहिती वाढली, पण रक्तातल्या साखरेवर परिणाम दिसला नाही. गटांच्या गावांत मात्र मधुमेह आणि त्याची पूर्वपायरी यांचं प्रमाण स्पष्ट घटलं. तरीही पुष्कळ प्रस्तावांत ‘जनजागृती’ हाच मुख्य उपाय असतो, आणि यश मोजायला प्रश्नावली!

गोळ्या न मोजता रुग्ण शोधणं

माझ्या मते ही यादीतली सगळ्यात वाईट चूक, कारण हिचा फटका अहवालाला बसत नाही, माणसाला बसतो. शिबिरात सांगायचं ‘तुम्हाला बीपी आहे’, आणि केंद्रातलं कपाट रिकामं. आधी हिशोब करा. समजा १००० प्रौढ तपासले आणि २०० जणांना रोज एक गोळी लागली, तर महिन्याला ६००० गोळ्या. तेवढा साठा सहा महिने टिकेल का, हे केंद्राच्या साठा-वहीत बघा. टिकणार नसेल, तर तपासणीचा आवाका कमी करा किंवा तारीख पुढे ढकला.

साखरेबद्दल थोडक्यात: ‘उपाशी आहात ना?’ असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. ‘शेवटचं काय आणि किती वाजता पोटात गेलं?’ असं विचारा. ॲनिमिया जास्त असलेल्या भागात एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) या एकट्या तपासणीवर विसंबू नका. रक्तातल्या लोहाच्या कमतरतेने तो आकडा चढू शकतो.

दुसऱ्या फेरीत दारं बंद

पहिल्या वर्षी हसून बसायला चटई टाकणारे लोक दुसऱ्या वर्षी ‘आज जमणार नाही’ म्हणू लागले, तर मानधन वाढवण्याच्या आधी एक विचारा: मागचे रिपोर्ट दिले होते का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. रक्त गेलं, कागद आलाच नाही. बीपीचा आकडा त्याच जागी चिठ्ठीवर लिहून द्या, तो चांगला की वाईट हे तोंडी सांगा. रक्ताचा रिपोर्ट कुठल्या दिवशी आणि कोण आणून देणार, हे त्याच चिठ्ठीच्या मागे लिहा.