मुंबईत शिकताना अर्धवेळ काम: आधी स्टेशन बघा, मग पगार

कॉलेज करत काम शोधणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "महिन्याला किती सुटतील?" मुंबईत त्याआधीचा प्रश्न असतो, काम कुठल्या स्टेशनजवळ आहे? इथे पगाराचे तास मोजले जातात, प्रवासाचे नाही, आणि विद्यार्थ्याचा वेळ बहुतेक प्रवासातच जातो.

समजा दिव्याला राहणाऱ्या आणि माटुंग्याला शिकणाऱ्या मुलीला अंधेरीत चार तासांच्या शिफ्टचे ४०० रुपये मिळतात. ऐकायला तासाला १०० झाले. पण दादरला उतरून पूल ओलांडायचा, पश्चिमेची गाडी पकडायची, अंधेरीला रिक्षाची रांग, आणि रात्री हेच उलटं. जादा अडीच तास धरा, तिकीट-रिक्षा-चहाचे ८० रुपये वजा करा. उरले ३२० रुपये आणि साडेसहा तास, म्हणजे तासाला ४९. हीच मुलगी घाटकोपर किंवा मुलुंडला उतरून तीन तासांचे ३०० घेत असेल आणि वाटेत जेमतेम वीस मिनिटं जादा जात असतील, तर तिला तासाला ९० पडतात. अंधेरीच्या कामाचा आकडा मोठा असला तरी घाटकोपरचं काम जवळजवळ दुप्पट किमतीचं आहे.

यात सवलतीच्या पासाचाही हिशेब आहे. कॉलेजच्या ऑफिसातून मिळणाऱ्या रेल्वे कन्सेशनवर विद्यार्थ्यांचा मासिक किंवा त्रैमासिक पास निघतो, पण तो घराजवळच्या स्टेशनापासून कॉलेजजवळच्या स्टेशनापर्यंतचाच. त्या पट्ट्यातल्या कुठल्याही स्टेशनला उतरून काम करा, वेगळं तिकीट लागत नाही. पट्ट्याबाहेर गेलात की रोज तिकीट काढायचं, आणि ते विसरलात तर टीसी पास बघून सोडत नाही. म्हणून कागदावर आपल्या मार्गाची सगळी स्टेशनं लिहून काढा आणि आधी तेवढ्याच ठिकाणी शोधा. कॉलेजजवळ संध्याकाळी साडेपाच ते साडेआठचं काम मिळालं तर उत्तमच, कारण घरी परतणारी सर्वात वाईट गर्दी तुमच्या कामाच्या वेळात निघून जाते. रविवारचं काम घेणार असाल तर मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या) धरून चाला. ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी बघायचं आणि मालकाला शनिवारीच सांगून ठेवायचं.

किती तास काम घ्यावं? मुंबई विद्यापीठात ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, आणि हजेरी कमी भरली की परीक्षेचा फॉर्म अडकण्यापर्यंत गोष्ट जाते. सत्र चालू असताना आठवड्याला १५ ते १८ तासांच्या वर जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याहून जास्त कमवावंच लागणार असेल, तर नियमित कॉलेजात ओढाताण करण्यापेक्षा सकाळचं कॉलेज, रात्र महाविद्यालय किंवा विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र (जुनं नाव आयडॉल) यांचा विचार प्रवेश घेतानाच करा. वर्षाच्या मध्यावर बदल करणं फार अवघड जातं.

मराठीची शिकवणी

मराठी मुलामुलींना या शहरात सहज जमेल आणि तरी दुर्लक्षित राहिलेलं काम हे. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत, सीबीएसई आणि आयसीएसईच्यासुद्धा, मराठी शिकवणं सक्तीचं केलं. पवई, लोखंडवाला, ठाण्याचं घोडबंदर अशा भागांतल्या अनेक घरांत मराठी कुणालाच येत नाही, आणि गणिताचे क्लास दहा असले तरी मराठीला माणूस मिळत नाही.

ही शिकवणी नुसतं पुस्तक वाचून दाखवून होत नाही. पहिल्या दिवशी मुलाच्या वहीतला धडा घ्या, दहा ओळींचं शुद्धलेखन घाला आणि चुका तीन ठिकाणी शोधा. एक, रफार आणि जोडाक्षरं. दोन, लिंग: हिंदी बोलणारं मूल "माझी पुस्तक" लिहितं, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग नाहीच. तीन, सामान्यरूप: "शाळात", "झाडवर". शाळा-शाळेत, झाड-झाडावर, घोडा-घोड्यावर अशा जोड्या रोज पाचच, पण तोंडी म्हणून घ्या. महिन्याभरात वहीतला फरक पालकांना स्वतःला दिसतो आणि पुढचं काम त्यांच्याच सोसायटीतून चालत येतं.

दर ठरवताना त्या भागातल्या दोन शिक्षकांकडे आणि एका क्लासमध्ये चौकशी करा आणि मधला दर सांगा. महिन्याच्या आठ बैठका ठरवा आणि पैसे महिन्याच्या सुरुवातीला मागा. शिकवणीत बिनसतं ते रद्द झालेल्या बैठकींवरून. आज वाढदिवस, उद्या पाहुणे, परवा स्विमिंग, आणि महिनाअखेरीस "पाचच झाल्या ना?" म्हणून पाचचेच पैसे. पहिल्याच दिवशी सांगा: चार तास आधी कळवलं तर बैठक पुढे ढकलू, ऐनवेळी रद्द झाली तर ती मोजली जाईल. मे महिन्यात आणि अधल्यामधल्या सुट्ट्यांत शिकवण्या बंद पडतात, तेव्हा वर्षाच्या हिशेबात दहा महिनेच धरा.

माणसं शोधायला शाळेजवळचं स्टेशनरी किंवा झेरॉक्सचं दुकान सर्वात बरं. सोसायटीच्या फलकावर कागद लावायचा तर वॉचमनला नव्हे, सेक्रेटरींना विचारा.

दवाखाना, दुकान, टेबलाचं काम

खासगी डॉक्टरांच्या संध्याकाळच्या ओपीडीला नाव नोंदवणं, फोन घेणं, केसपेपर काढणं यासाठी माणूस लागतो. वेळ साधारण सहा ते साडेनऊ. अशा जागांची जाहिरात क्वचितच येते, दारात जाऊन विचारावं लागतं. संध्याकाळी गर्दीत जाऊ नका. दुपारी एकच्या सुमारास सकाळची ओपीडी संपत आलेली असते, तेव्हा जा आणि दोनच वाक्यांत सांगा: "डॉक्टर, मी इथे जवळच कॉलेजला आहे, सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते नऊ नियमित येऊ शकते. ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये परीक्षेचे दिवस सोडून." परीक्षेचं आधीच सांगितलं तर काम जाईल अशी भीती वाटते. उलट होतं. डॉक्टरांना न सांगता दांडी मारणाऱ्याचीच धास्ती असते.

मॉलमधल्या दुकानांत शनिवार-रविवारी जादा माणसं घेतात. आठ-नऊ तास उभं राहावं लागतं, बूट चांगले घ्या. खाद्यपदार्थांच्या साखळी दुकानांत चार ते सहा तासांच्या शिफ्ट मिळतात आणि वैद्यकीय तपासणीचा दाखला मागतात. त्याचा खर्च कोण करणार, हे रुजू होण्याआधी विचारा. डिलिव्हरीच्या कामात पेट्रोल, गाडीची झीज, टीशर्ट-बॅगेचे कापलेले पैसे आणि पावसाळा हे सगळं वजा करून मगच तासाचा दर काढा. अपघात विमा आहे का आणि तो लॉग-इन असतानाच लागू होतो का, हे ॲपमध्ये वाचा.

टायपिंग, अनुवाद आणि मुलाखतींचं शब्दांकन घरबसल्या होतं, म्हणून मोहात पाडतं. इथे हिशेब नीट समजून घ्या. एका तासाचं ध्वनिमुद्रण ऐकून उतरवायला सवय असलेल्यालाही चार ते सहा तास लागतात. मागे गाड्यांचा आवाज, दोघं एकदम बोलणारे, मालवणी किंवा वऱ्हाडी बोली असली की आणखी. दर "ऑडिओच्या तासाला" सांगितलेला असतो. ६०० रुपये ऐकून खूश होऊ नका, पाच तासांनी भागा, १२० येतील. फाइल हातात आली की हो म्हणण्याआधी मधलीच पाच मिनिटं घेऊन घड्याळ लावून उतरवा. त्या वेळाला बाराने गुणलंत की पूर्ण तासाचा अंदाज मिळतो, मग दर बोला. मराठी टायपिंग युनिकोडमध्येच शिका. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली बदलता येणं, जोडाक्षरं कुठे तुटतात ते ठाऊक असणं, याला प्रकाशक आणि डीटीपीवाल्यांकडे वेगळे पैसे मिळतात.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी देवनारकडे लक्ष ठेवावं. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था दोन्ही तिथेच आहेत, आणि अशा ठिकाणच्या संशोधन प्रकल्पांना मराठी येणारे सर्वेक्षक लागतात. विचारायचं ते इतकंच: मोबदला दिवसाचा की फॉर्मचा? फॉर्मचा असेल तर कुलूपबंद घरं आणि नकार यांची झळ तुम्हाला बसते. दिवसाचा दर आणि प्रवासभत्ता वेगळा, हेच मागा.

प्रदर्शनं आणि इव्हेंट

गोरेगावचं नेस्को आणि वांद्रे-कुर्ला संकुल इथे प्रदर्शनांत दोन-चार दिवसांचं काम निघतं. तुम्हाला बोलावणारा हा एजन्सीचा एजंट, त्याच्यावर एजन्सी, तिच्यावर कंपनी. पैसे वरून खाली येतात, म्हणून महिना-दीड महिना लागतो, आणि मधला एखादा फोन उचलायचा बंद होतो. काम स्वीकारताना व्हॉट्सॲपवर असा मेसेज टाका: "ठरल्याप्रमाणे १२, १३, १४ तारखेला सकाळी १० ते संध्याकाळी ७, दिवसाला अमुक रुपये, जेवण तुमच्याकडे, पैसे अमुक तारखेपर्यंत यूपीआयवर. कृपया होकार कळवा." नुसता अंगठा आला तर "हो" लिहून मागा. रोज हजेरीच्या कागदाचा फोटो काढा. पैसे अडले तर हातात एवढंच असतं, आणि बहुतेकदा तेवढं पुरतं.

दिवाळीच्या तोंडावर दादरच्या दुकानांत, फराळ पाठवणाऱ्यांकडे, कुरिअरमध्ये माणसं हवीच असतात. पण विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षाही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच येतात. गणपतीआधीचे आठवडे त्या मानाने मोकळे, आणि हात चांगला असेल तर लालबाग-परळच्या मूर्तींच्या कारखान्यांत रंगकामाला विचारा.

जिथे पाऊल टाकू नये

काम देणारा आधी पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, डिपॉझिट, काहीही नाव द्या, उठून निघा. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवू नका. डेटा एंट्रीचं एक जाळं जुनं आहे: ऑनलाइन करार सही करून घेतात, शेकडो पानं टाइप करायला लावतात, मग "अचूकता कमी" म्हणून वकिलाच्या नावाची नोटीस पाठवून पैसे मागतात. असे पैसे भरू नका, घाबरून कुठल्याही कागदावर सही करू नका. आणि "तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवा" हे काम नव्हे, तो गुन्ह्यातला पैसा असतो. खातं गोठतं आणि चौकशी तुमची होते. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

कागद

पॅन आधी काढा. आधार असेल तर आयकर पोर्टलवर ई-पॅन फुकट मिळतं. काही कंपन्या इंटर्नच्या मानधनातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापतात, पॅन दिलं नसेल तर कपात २० टक्क्यांवर जाऊ शकते. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून हे पैसे परत मिळतात, पण रिटर्न भरलं तरच. पगारातून पीएफचे १२ टक्के आणि ईएसआयसीचे (कर्मचारी विम्याचे) ०.७५ टक्के जात असतील तर हातात येणारा आकडा आधी विचारून घ्या, आणि यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, जपून ठेवा, पुढच्या नोकरीत तोच चालतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती किंवा वसतिगृह भत्ता घेत असाल तर नोकरीबद्दलची अट आधी वाचा.

काम सोडताना पंधरा दिवस आधी लेखी कळवा, टीशर्ट आणि ओळखपत्र परत केल्याची पोच घ्या, उरलेल्या पैशांची तारीख मेसेजमध्ये लिहून घ्या. अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, तारखा आणि कामाच्या स्वरूपासह, शेवटच्या दिवशीच मागा. महिन्याभराने गेलात तर तुम्हाला ओळखणारा मॅनेजर बहुधा बदलून गेलेला असतो.