कथा कशाबद्दल आहे हे कळत नसेल, तर या चुका टाळा

दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथांचे प्राथमिक वाचन करण्याचे काम मी नागपुरात बरीच वर्षे करीत आलो आहे. सोबतच्या पत्रात ‘ही कथा शेतकऱ्याच्या व्यथेबद्दल आहे’ असे वाक्य दिसले, की पुढच्या पानांत काय सापडणार नाही याचा अंदाज येऊ लागतो. शेतकऱ्याची व्यथा हा विषय झाला. एकाच विषयावर दहा कथा लिहिता येतात आणि त्या दहाही निरनिराळ्या गोष्टींबद्दल असू शकतात.

विषयालाच आशय समजण्याची ही चूक मी स्वतः तीन वर्षे केलेली आहे. काटोलकडची दोन भावांची एक संत्र्याची बाग विकली जाते, अशी ती कथा होती. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून झाडांना दिलेला ताण, कोळशी रोगाने काळवंडलेली पाने, व्यापाऱ्याशी झालेला सौदा हे सारे तपशील अचूक होते, पण कथा जागची हलत नव्हती. म्हणून मी आधी दुष्काळ घातला, मग बँकेची नोटीस घातली, आणि सहावा खर्डा ३१ पानांवर गेला. तो वाचून ताईने एवढेच विचारले, “सही करायला थोरला एकटाच जातो. धाकटा त्या दिवशी कुठे होता रे?”

धाकटा नागपुरातच होता, धरमपेठेतल्या खोलीवर, आणि निरोप त्याला मिळालेला होता. हे मला पहिल्यापासून ठाऊक होते, तरी सहाही खर्ड्यांत मी त्याचा तो दिवस ‘दरम्यान’ या एका शब्दात उरकला होता. कथा बागेबद्दल नव्हतीच. सहीला न जाता विक्रीच्या पैशांतला वाटा मात्र घेणाऱ्या माणसाबद्दल होती. त्यानंतर ती १२ पानांत बसली. कोळशी गेली, बँक गेली. झाडांना दिलेला ताण राहिला, कारण त्या दिवसांत एका झाडाला चोरून पाणी घालणारा मुलगा धाकटाच होता.

तेव्हापासून खर्डा झाला की ‘दरम्यान’, ‘यथावकाश’, ‘पुढे काही दिवसांनी’ अशा शब्दांखाली मी लाल रेघ मारतो आणि तिथे मी घाई का केली, हे समासात लिहितो. ही काही शास्त्रशुद्ध रीत नव्हे, पण माझ्या बहुतेक कथांचा आशय मला तिथेच सापडला आहे.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची आहे. कार्यशाळेत येणाऱ्या नवोदितांना पहिले वाक्य लिहिण्यापूर्वीच आशयसूत्र हवे असते आणि ते मिळाले की पात्रे त्याची साक्ष देण्यापुरती उभी राहतात. रशियन कथाकार चेकॉव्हने १८८८ साली आपला प्रकाशक सुवोरिन याला लिहिलेल्या पत्रात प्रश्न सोडवणे आणि प्रश्न नीट मांडणे यांत भेद केला होता व लेखकावर फक्त प्रश्न नीट मांडण्याचेच बंधन मानले होते. आपला आशय प्रश्नाच्या रूपात सांगता येत नसेल, तर आपण बहुधा उपदेश लिहिला आहे. ‘आशय नंतर घालतो, सर’ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो, की आशय म्हणजे पोह्यांवर वरून ओतायची तर्री नव्हे.

कथा वाचलेल्या मित्राला ‘यातून काय कळले?’ असे विचारू नये, तो तात्पर्य सांगतो. आठ दिवसांनी ‘काय आठवते?’ एवढेच विचारावे. शेवटच्या परिच्छेदात आशय समजावून सांगितला असेल, तर तो परिच्छेद काढून टाकावा. आपली कथा कशाबद्दल आहे हे संगणकाला विचारण्याची नवी घाईही मला पसंत नाही. मी पाहिलेली तशी उत्तरे सुबक होती, आणि शेजारच्या कथेलाही तितकीच लागू पडत होती.

इतके करूनही माझ्या कपाटात एक कथा गेली चार वर्षे पडून आहे. तिच्यात लाल रेघ मारण्याजोगा एकही शब्द नाही, त्यामुळे या वेळी मी घाई कुठे लपवली आहे, ते अजून शोधतो आहे.