लांबून कॉलेज निवडताना: माहितीपत्रक बाजूला ठेवा, ही तीन कागदपत्रं बघा

धुळे-नंदुरबारकडून नाशिकचं छोटं खासगी इंजिनिअरिंग कॉलेज निवडायचं असेल, तर प्रत्येक ठिकाणी चक्कर मारणं परवडत नाही. बरंचसं घरबसल्या कळतं.

१. सीईटी सेलच्या (राज्याची प्रवेश परीक्षा घेणारा कक्ष) संकेतस्थळावरून गेल्या वर्षीच्या कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, सगळ्या फेऱ्यांचे कटऑफ उतरवून घ्या. आपल्या शाखेचं पर्सेंटाइल शेवटच्या फेरीत एकदम कोसळलेलं दिसलं, तर जागा भरताना ओढाताण झाली असं समजा.

२. कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ शोधा, म्हणजे कॉलेजनं स्वतःबद्दल जाहीर करायची सक्तीची माहिती. त्यातल्या शिक्षकांच्या यादीत रुजू झाल्याची तारीख बघा. शाखेतले बहुतेक जण वर्षभरातलेच असतील तर शिक्षक टिकत नाहीत. माझ्या मते ही सगळ्यात बोलकी खूण.

३. कॉलेजनं सांगितलेली फी राज्याच्या ‘शुल्क नियामक प्राधिकरणा’च्या संकेतस्थळावर ताडून बघा. हॉस्टेल, मेस, बस यांचे आकडे वेगळे, लेखी मागवा.

बरीच कॉलेजं शहराबाहेर आहेत. सिटीलिंकची (नाशिकची शहर बससेवा) बस गेटपर्यंत येते का, संध्याकाळची शेवटची कधी, हे तिथल्या विद्यार्थ्यालाच विचारा.

मूळ गुणपत्रिका आणि दाखला पडताळणीपुरताच दाखवा, जमा करून ठेवू नका. प्रवेश रद्द करायची वेळ आली की अडवणूक तिथेच होते.