शाळेत जीव रमायला काय करावं

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत रुजू झाले आणि पहिल्याच महिन्यात बदलीचा अर्ज लिहून ठेवला. चार वर्ग, एक खोली, बाई एकटी. नव्या शिक्षकांसाठी म्हणून सांगते.

आधी मुलांची बोली ऐका. घरी कोंकणी, पुस्तक मराठी. पहिलीतल्या एका पोराने पाण्याच्या चित्राखाली ‘उदक’ लिहिलं आणि मी लाल पेनाने काट मारली. तो म्हणाला, “बाई, उदकच न्हय तें?” खरंच की! दुसऱ्या दिवशी फळ्यावर जोड्या मांडल्या, उदक–पाणी, माजर–मांजर. एरवी तोंड न उघडणारी पोरंही शब्द सांगायला धावली. मला शाळेत यावंसं वाटायला लागलं ते त्या दिवसापासून.

रोज एका मुलाबद्दल एक ओळ वहीत लिहा. मी वाळपईची बस येईपर्यंत लिहिते. ‘आज हातचा घेतला’ एवढंसुद्धा चालतं. वाईट दिवशी तीच वही उघडायची.

मार्च-एप्रिलात काजूमुळे हजेरी घटते. चिडू नका (मी चिडायचे). बिया वर्गात आणायला सांगा, दहा-दहाचे ढीग करा. दशक-एकक आपोआप कळतं. फक्त हिरव्या बिया नकोत, चीक अंगाला भाजतो.

माहितीचे तक्ते भरून मोकळं व्हा. त्यांत जीव अडकवू नका.

तो अर्ज? त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर कुणीतरी सातचा पाढा लिहिलाय. साती साती सत्तेचाळीस! (एकोणपन्नास हवं होतं.)