बर्फ आणि खडकाच्या उतारावर मायक्रोस्पाइक्स कसे वापरावेत

नाशिकमधून हिवाळ्यात उत्तराखंडातल्या केदारकंठा, ब्रह्मताल अशा बर्फातल्या ट्रेकना जाणारे आता बरेच झालेत. हरिहर, साल्हेर करून पाय तयार असतात, दमही भरपूर असतो. अडतं ते बुटांखालच्या काट्यांपाशी, म्हणजे मायक्रोस्पाइक्सपाशी: बुटावर ताणून चढवायचं रबर आणि त्याला अडकवलेल्या साखळ्यांवरचे छोटे पोलादी काटे. 'एकदा घातले की कुठेही घसरणार नाही' असं सर्रास सांगितलं जातं, आणि हे सांगणं धोक्याचं आहे. मायक्रोस्पाइक्स कडक बर्फावर जेवढे धरतात, तेवढेच उघड्या कातळावर फसवतात. आपला पाय तर सवयीने कातळच शोधतो.

घेताना बूट सोबत न्या. बुटाच्या नंबरावर जाऊ नका, बाहेरचा आकार बघा. रबर ताणून बसलं पाहिजे आणि साखळ्या तळव्याखाली मधोमध आल्या पाहिजेत. पायथ्याच्या गावात भाड्याने घेणार असाल तर रबराला जिथे साखळी अडकवलेली असते ती भोकं नीट तपासा, फाटायला सुरुवात तिथूनच होते. साखळी निसटली तर बांधायला सॅकमध्ये चार-पाच झिप-टाय (प्लास्टिकच्या आवळपट्ट्या) टाका.

घालायचा सराव घरी करा. थंडीत रबर ताठ होतं, म्हणून तासभर फ्रीजरमध्ये ठेवून मग हातमोजे घालून चढवून बघा. आधी पुढचा भाग बुटाच्या चवड्यावर, मग टाचेमागचा पट्टा वर ओढायचा. बर्फात हे काम उतार सुरू होण्याआधी सपाटीवर उरकायचं. उतारावर एका पायावर तोल सांभाळत काटे चढवणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

नुसत्या बर्फावरचं चालणं सोपं आहे. पाय सपाट ठेवा म्हणजे सगळे काटे एकदम रुततात, आणि दोन पायांत नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, नाहीतर एका पायाचा काटा दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतो.

आता खरी अडचण. अर्धा बर्फ आणि अर्धा खडक असलेला उतार. मला हाच टप्पा जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण इथे सह्याद्रीचे धडे उलटे करावे लागतात. आपल्याकडे घसारा, म्हणजे सुट्या माती-मुरुमाचा निसरडा उतार, आला की आपण त्यातून डोकं वर काढलेला दगड शोधतो आणि त्यावर पाय रोवतो. बुटाचं रबर बेसॉल्टवर पसरून चिकटतं म्हणून ते जमतं. काटे लावल्यावर ते रबर दगडाला टेकतच नाही. दगडाला टेकतात फक्त पोलादाची टोकं, आणि पोलाद गुळगुळीत दगडावर सरकतं. शिवाय पाय सेंटीमीटरभर उचललेला असतो, त्यामुळे घोटा मुरगळायला निमित्त लागत नाही. म्हणून काटे पायात असतील तर दगड टाळा, बर्फावर चाला.

पण बर्फावर म्हणजे दगडाला खेटून नव्हे. उन्हाने दगड तापतो, त्याच्या कडेचा बर्फ आतून वितळतो आणि वरून सपाट दिसणाऱ्या थराखाली पोकळी होते. तिथे पाय मांडीपर्यंत जातो आणि नडगी दगडावर आपटते. मोठ्या दगडापासून निदान दोन हात लांबून जा. दगडावर पाय ठेवावाच लागला तर खाचेत किंवा सपाट पायरीवर, संथपणे, वजन सरळ खाली देऊन ठेवा. दगडावरून दगडावर उड्या मारायच्या नाहीत.

काढायचे कधी? पुढे लगेच पुन्हा बर्फ दिसत असेल तर राहू द्या. कोरडा कातळ लांबवर पसरला असेल तर सपाट जागा बघून काढा, कंटाळा करू नका. सकाळी दगडावर काचेसारखा पातळ बर्फ असतो, तो लांबून ओल्या दगडासारखा दिसतो. शंका आली की आधी काठीने टोचून बघा. आणि घसरलो तर थांबणारच नाही असा तीव्र, कडक उतार समोर असेल तर तिथे मायक्रोस्पाइक्स पुरत नाहीत. त्याला क्रॅम्पॉन (ताठ चौकटीचे लांब काटे), आइस-ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि रीतसर प्रशिक्षण हवं. ते नसेल तर मागे फिरा.

दुपारी बर्फ भुसभुशीत झाला की काट्यांखाली त्याचे गोळे जमतात आणि काटे निकामी होतात. दर थोड्या पावलांनी काठीने बुटाच्या कडेवर ठोकून ते पाडा. अशा बर्फात उतरताना टाच रुतवत उतरा.

हेच काटे पावसाळ्यात हरिहरला नेऊ का, असं पुष्कळ जण विचारतात. अजिबात नको. शेवाळलेल्या कातळावर ते धरत नाहीत आणि शतकांपूर्वी कोरलेल्या पायऱ्यांच्या कडा झिजवतात.

परतीला विमान असेल तर काटे चेक-इनच्या सामानात टाका. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ओले पिशवीत राहिले तर गंजतात. टोकं बोथट झाली असतील तर कानशीने हाताने घासा. ग्राइंडरवर धरू नका, तापून पोलाद मऊ पडतं.