ब्लॉकचेन नंतर शिका, आधी डेटा फोडायला शिका: प्रायव्हसी रिसर्चमध्ये यायचं असेल तर

हिंजवडी नाहीतर खराडीच्या आयटी कंपनीत तीन-चार वर्षं बॅकएंड केलंय, स्प्रिंटचा वीट आलाय आणि आता प्रायव्हसी सांभाळून डेटा शेअर करणाऱ्या सिस्टीम्सवर रिसर्च करायचाय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे पुण्यात बरेच भेटतात. त्यातल्या निम्म्या लोकांनी तोवर ब्लॉकचेनचा कोर्स विकत घेतलेला असतो. घेतला तर घेतला, पण सध्या बाजूला ठेवा. पब्लिक ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांत वाटलेल्या नोंदवहीत, टाकलेलं सगळ्यांना दिसतं आणि पुसता येत नाही, आणि आपला सगळा विषय कोणाला काय दिसू नये हा आहे. तर पहिला प्रश्न टूलचा नाहीच, कोणापासून काय लपवायचंय आणि समोरचा कुठपर्यंत जाऊ शकतो हा, याला थ्रेट मॉडेल म्हणतात आणि हे कागदावर मांडता येत नसेल तर पुढचं सगळं फुकट.

थ्रेट मॉडेल पुस्तकातून कळत नाही, फोडाफोडी करून कळतं. १९९७ साली लताण्या स्वीनी एमआयटीत शिकत असताना मॅसॅच्युसेट्स राज्याने कर्मचाऱ्यांचा हॉस्पिटल डेटा नावं काढून रिसर्चसाठी दिला होता. तिने २० डॉलर देऊन तिथल्याच केंब्रिज शहराची मतदार यादी घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवले आणि त्यातून खुद्द गव्हर्नरची फाईल शोधून काढली. हेच तुम्ही घरी करा, अर्थात खोट्या डेटावर. पायथॉनमध्ये दोन-तीन हजार काल्पनिक पेशंट बनवा, पिनकोड ४११००४, ४११०३८, ४११०२८ असे आपल्याकडचेच ठेवा, जन्मतारीख, लिंग, आजार टाका आणि मोजा किती जण एकटे पडतात, म्हणजे तशी जुळणी दुसऱ्या कोणाचीच नसते. जवळपास सगळेच पडतील. मग जन्मतारखेऐवजी नुसतं वर्ष ठेवून बघा. मग पिनकोडचे पहिले तीनच आकडे ठेवा, आता लोक बऱ्यापैकी लपतील पण कोथरूड आणि हडपसर एकच झालं, म्हणजे डेंग्यू कुठे वाढतोय हे शोधायला तो डेटा निरुपयोगी. ही ओढाताण एकदा हाताने अनुभवली की या विषयातले अर्धे पेपर कशाबद्दल भांडतायत ते समजायला लागतं.

दुसरा टप्पा क्रिप्टोग्राफीचा, म्हणजे गणिताने माहिती लपवायचा. गणिताला घाबरून लोक इथेच पळतात, म्हणून आधी चहा पिता पिता करून बघा. तिघा मित्रांना पगाराची सरासरी काढायचीय पण आकडा कोणालाच सांगायचा नाही. पहिल्याचे १२ लाख, तो त्याचे ५, ९ आणि उणे २ असे तुकडे करतो. दुसऱ्याचे १७, तो २०, उणे ७ आणि ४ करतो. तिसऱ्याचे २५, म्हणजे ३, १० आणि १२. प्रत्येकाने एक तुकडा स्वतःकडे ठेवायचा आणि बाकीचे दोन दोघांना वाटायचे. पहिल्याकडे जमले २८, दुसऱ्याकडे १२, तिसऱ्याकडे १४. हे तीन आकडे उघड करायचे, बेरीज ५४, सरासरी १८ लाख, आणि पगार कोणीच सांगितला नाही. (खऱ्या सिस्टीममध्ये तुकडे एका मोठ्या संख्येच्या मॉड्युलोने, म्हणजे भागाकाराच्या बाकीने, रँडम घेतात, नाहीतर आकड्यांच्या आकारावरून अंदाज येतो.)

आता गंमत बघा. पहिला आणि दुसरा एक झाले, दोघांनी आपापले पगार ५४ मधून वजा केले की तिसऱ्याचे २५ लाख समोर. प्रोटोकॉल कुठेच चुकलेला नाही, गळती उत्तरातूनच झाली. तिघांनी केलं त्याला मल्टिपार्टी कॉम्प्युटेशन म्हणतात, ते आकडेमोड लपवतं, उत्तर काय सांगून जाईल याची जबाबदारी त्याची नाही, त्यासाठी उत्तरात मोजूनमापून नॉइज, म्हणजे रँडम थोडं कमी-जास्त, मिसळायचा, म्हणजे डिफरन्शियल प्रायव्हसी, जी संशोधक सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडली. हा फरक नीट सांगता आला तर इंटरव्ह्यूमध्ये अर्धं काम झालंच समजा, कारण प्रॉडक्टवाले सुद्धा हे दोन सर्रास एकत्र कालवतात.

फेडरेटेड लर्निंगचंही तेच. डेटा हॉस्पिटलातच राहतो, मॉडेल तेवढं फिरतं, म्हणून सुरक्षित, असं छान वाटतं, पण २०१९ मध्ये एमआयटीच्याच लोकांनी नुसत्या ग्रेडियंटवरून (मॉडेल सुधारायला परत पाठवतात ते आकडे) ट्रेनिंगचे फोटो परत उभे करून दाखवले. फेडरेटेड लर्निंगची फ्लॉवर नावाची लायब्ररी घ्या, लॅपटॉपवर चार खोटी हॉस्पिटलं उभी करा आणि तो हल्ला स्वतः करून बघा.

आता ब्लॉकचेनसोबत कायम येणाऱ्या डिसेंट्रलाइज्ड, म्हणजे एकाच्या हातात नसलेलं, या शब्दाबद्दल. सर्व्हर किती आहेत यापेक्षा ते कोणाकोणाच्या ताब्यात आहेत हे महत्त्वाचं. २००८ च्या जानेवारीत डेन्मार्कमध्ये शुगर बीटच्या कॉन्ट्रॅक्टचा लिलाव झाला, शेतकऱ्यांना आपलं पीक परवडतं कितीला हे साखर कारखान्याला कळू द्यायचं नव्हतं (हे आपल्या ऊसवाल्या भागात वेगळं समजावून सांगायला नको). तर गणित तीन जणांत वाटलं, एक कारखाना, एक शेतकऱ्यांची संघटना आणि एक रिसर्च प्रोजेक्ट. एकमेकांवर विश्वास नसलेले तिघे निवडले हीच खरी सिस्टीम डिझाइन. आपल्याकडचं वाचायचं असेल तर अकाउंट ॲग्रिगेटर वाचा, म्हणजे तुमच्या संमतीने एका बँकेतला डेटा दुसरीकडे पोचवणाऱ्या मधल्या कंपन्या. आरबीआयने नियम पहिल्यांदा २०१६ मध्ये आणले, त्यात मधल्या कंपनीला संमती सांभाळायची परवानगी आहे पण डेटा साठवायची किंवा वाचायची नाही. सोबत २०२३ चा डीपीडीपी (वैयक्तिक डेटा संरक्षणाचा) कायदा मूळातून वाचा, यूट्यूबवरून नको. आणि शक्य झालं तर हॉस्पिटल, बँक, कुठलीही डेटा धरून बसलेली जागा गाठून विचारा की तुम्ही शेअर का करत नाही, बऱ्याचदा उत्तर क्रिप्टोग्राफीचं नसतंच, एथिक्स कमिटी, लीगलची सही आणि सगळं एकट्याच्या अंगावर असलेला आयटीवाला असं असतं. पेपरचे चांगले विषय इथून मिळतात.

पीएचडी करायची का? रिसर्चरच व्हायचं असेल तर शेवटी हो. पुण्यात विद्यापीठ, सीओईपी आहेत, पण शुद्ध क्रिप्टोग्राफी करायची असेल तर आयआयटी बॉम्बे किंवा बंगळुरूच्या आयआयएससीकडेही बघा, पुणं सुटतं म्हणून रडू नका. जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७,००० आहे, एचआरए वेगळा, त्यामुळे होम लोन चालू असेल तर आधी घरी बोलून घ्या, हे मी अगदी सिरियसली सांगतोय. गाइड निवडताना इन्स्टिट्यूटच्या नावापेक्षा त्यांचे गेल्या तीन वर्षांतले पेपर बघा आणि त्यांच्या स्टुडंटला एकटं गाठून चहा पाजा.

पेपरसाठी पेट्स (प्रायव्हसी एनहान्सिंग टेक्नॉलॉजीज सिम्पोझियम) ही कॉन्फरन्स लक्षात ठेवा, वर्षातून चार डेडलाइन असतात, पेपर सगळ्यांना फुकट वाचता येतात आणि नाकारायच्या आधी सुधारणा करून परत द्यायची संधी मिळू शकते, नवख्याला हे फार उपयोगी. पैसे भरा आणि आठ दिवसांत छापून घ्या असले मेसेज तुम्हाला येणारच, आमच्या ओळखीत कितीतरी जणांनी नोकरी-बढतीच्या पॉइंटसाठी ते केलंय आणि आता सीव्हीतून ती ओळ कशी काढायची या विवंचनेत आहेत.

गाइडला मेल करताना 'आय ॲम पॅशनेट' वगैरे नको. त्यांचा एक पेपर घ्या, त्यातला एक ग्राफ स्वतःच्या कोडने परत काढा, कुठला आकडा जुळला नाही आणि तुम्हाला का वाटतं ते पाच-सहा ओळीत लिहा, कोडची लिंक द्या. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा आणि पुढच्या नावाकडे वळा.