राहून गेलेले मराठी सिनेमे चारचौघांना कसे दाखवावेत

मराठीत चांगला सिनेमा येतो आणि आठवडाभरात थिएटरमधून उतरतो. शुक्रवारी लागलेला सिनेमा बघण्याजोगा आहे हे एकाकडून दुसऱ्याकडे पोचेपर्यंत पुढचा शुक्रवार उजाडतो, आणि तोवर दुपारचा एखादाच शो उरलेला असतो. मग काही वर्षांनी त्याचं नाव 'चुकवू नयेत अशा' चित्रपटांच्या यादीत दिसतं. यादी आपण जपून ठेवतो आणि रात्री जेवताना भलतंच काहीतरी लावतो. म्हणून याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. मागे पडलेल्या सिनेमाला प्रेक्षक मिळवून द्यायचा असेल तर कुणीतरी पुढाकार घेऊन तो दाखवावा लागतो. सोसायटीचा हॉल, गावचं वाचनालय, परदेशातलं महाराष्ट्र मंडळ, कुठेही. पंचवीस-तीस माणसं जमली तरी पुष्कळ झालं.

पहिली पायरी: आधी माणसं बघा, मग सिनेमा निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दाखवणाऱ्याला स्वतःचा सगळ्यात लाडका सिनेमा दाखवायचा असतो, पण समोर बसणाऱ्या माणसांना त्यात शिरायला दार सापडायला हवं. ते दार प्रत्येक गटासाठी वेगळं असतं.

ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर 'अस्तु' निवडा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा सिनेमा तयार झाला २०१३ मध्ये, पण थिएटरात यायला २०१६ उजाडलं. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. मुलीचं जरा लक्ष नसताना ते रस्त्यावरच्या एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात. डॉ. मोहन आगाशे यांनी ही भूमिका केली आहे. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, आणि त्यांच्या नजरेतला तो हरवलेपणा कुठेही अभिनय वाटत नाही. हत्तीवाल्याच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शास्त्री आपलं सगळं ज्ञान विसरून लहान मूल होतात आणि ही परकी बाई त्यांना मूल म्हणूनच सांभाळते. हे बघताना हॉलमधल्या कित्येकांना आपलं घर आठवतं. प्रत्येक इमारतीत असं एखादं घर असतंच, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही.

लक्ष्मीकांत बेर्डेवर जीव असलेली मंडळी असतील तर 'एक होता विदूषक' (१९९२). पु. ल. देशपांडे यांचं लेखन, जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांची गाणी, आनंद मोडक यांचं संगीत. तमाशातल्या बाईचा मुलगा आबूराव सोंगाड्या होतो, पुढे सिनेमाचा नट होतो, मग राजकारणाच्या वाटेला लागतो. सगळ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुलीला मात्र हसवता येत नाही. लोक त्या काळी लक्ष्याचा धमाल सिनेमा समजून गेले आणि हिरमुसून परतले. आज तसं होणार नाही. त्याच्या जाण्यालाही आता वीस वर्षं उलटून गेली आहेत, आणि तो गंभीरपणे काय करू शकत होता हे बघायला लोक आपणहून तयार असतात. सिनेमा अडीच तासांहून मोठा आहे, तेवढं आधी सांगून ठेवा.

शेतीशी नातं असलेल्या गावात 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) दाखवायला कचरू नका. शेतकरी आत्महत्या म्हटलं की लोक धास्तावतात, पण सतीश मनवर यांनी हा विषय वेगळ्याच बाजूने धरला आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर किस्नाच्या बायकोला धाकधूक लागते, आपलाही नवरा तसंच करेल. म्हणून ती लहान मुलाला बापाच्या मागे पाळतीवर ठेवते. पोरगं सावलीसारखं मागे फिरतं, बाप वैतागतो, आणि आपण हसत असतानाच पोटात गोळा येतो. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष हे तिघं मिळून ते घर खरं करतात. भाषा वऱ्हाडी आहे. विदर्भाबाहेर दाखवताना सबटायटल्स असतील तर सुरू ठेवा, त्यात कमीपणा नाही.

महिला मंडळासाठी 'दोघी' (१९९५). यात लग्नाच्या दिवशीच नवऱ्या मुलाच्या वऱ्हाडाला अपघात होतो, मुलीवर अपशकुनी म्हणून शिक्का बसतो आणि घर जगवायला तिला मुंबईला धाडलं जातं. तिच्या पैशावर घर चालतं, पण धाकट्या बहिणीच्या लग्नात तिने समोर येऊ नये अशी त्याच घराची अपेक्षा असते. रेणुका दफ्तरदार, सोनाली कुलकर्णी, उत्तरा बावकर, सदाशिव अमरापूरकर. मराठीत बहिणींच्या नात्यावर याहून चांगला सिनेमा मी पाहिलेला नाही.

पुण्यात असाल तर 'बावीस जून अठराशे सत्त्याण्णव' (१९७९) शक्यतो २२ जूनलाच लावा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली, ती ही तारीख. जयू आणि नचिकेत पटवर्धन हे दोघं वास्तुविशारद, आणि वाड्यांचे चौक, अरुंद जिने, प्लेगच्या तपासणीची दहशत यांची मांडणी पाहताना ते जाणवतं. संवाद विजय तेंडुलकरांचे. सिनेमा चापेकरांना देव करत नाही, त्यांचा कडवेपणाही लपवत नाही, आणि म्हणूनच नंतर गप्पा रंगतात.

कॉलेजातली मुलं असतील तर उमेश कुलकर्णीचा 'विहीर' (२०१०) जरूर विचारात घ्या. नात्यातल्या दोन भावांची घट्ट मैत्री, आणि मग त्यातल्या एकाचं जाणं. उत्तरार्ध संथ आहे, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना तो संथपणा आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त भिडतो. ज्या घरात नुकताच कुणाचा मृत्यू झाला असेल त्यांना विषय आधी सांगा.

दुसरी पायरी: परवानगी घ्या

ओटीटीची वर्गणी आपण घरच्यांसाठी भरलेली असते. हॉलमध्ये चाळीस माणसांपुढे तोच सिनेमा लावायचा तर तिकीट नसलं तरी हक्कधारकाची परवानगी लागते. हक्क कुणाकडे आहेत हे शोधायची सोपी जागा म्हणजे सिनेमाच्या सुरुवातीला दिसणारं सेन्सॉरचं प्रमाणपत्र. तिथे निर्मात्याचं नाव, लांबी आणि कोणत्या वयासाठी प्रमाणपत्र दिलं आहे ते असतं. चित्र थांबवून लिहून घ्या. 'एक होता विदूषक' आणि 'दोघी' या दोन्हींच्या निर्मितीत राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ म्हणजे एनएफडीसी आहे, तेव्हा त्यांच्यासाठी मुंबईच्या कार्यालयाला पत्र लिहायचं. खासगी निर्माते बहुतेकदा दिग्दर्शकामार्फत गाठता येतात. पत्र थोडक्यात असावं: कोण दाखवणार, कुठे, कधी, किती माणसं, तिकीट आहे की नाही. छोट्या सिनेमाच्या माणसांना असं पत्र आलं की खरंच आनंद होतो, काही जण स्वतः यायलाही तयार होतात. मानधन मागितलं तर वर्गणी काढून द्या, त्यावर घासाघीस करू नका.

परवानगीच्या खटाटोपाआधी एकदा हात बसवायचा असेल तर जुन्या काळाकडे वळा. भारतात सिनेमावरचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' (१९३६) या मुदतीच्या केव्हाच बाहेर गेला आहे. नाव सगळ्यांना ठाऊक, पूर्ण पाहिलेला फार थोड्यांनी. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम मनात राहतोच, पण गौरीबाईंची आवली बघा. चूल, पोरं आणि म्हैस सांभाळणारी, विठोबाला खडसावणारी ही बाई नव्वद वर्षांनंतरही पडद्यावर ताजी आहे. त्यातलं 'आधी बीज एकले' तुकोबांचंच आहे असं अनेकांना वाटतं. ते शांताराम आठवल्यांनी लिहिलं आहे.

या कामात जुनीजाणती माणसंही आहेत. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आणि पुण्यात आशय फिल्म क्लब १९८५ पासून हेच करत आले आहेत. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली सुरू झालेला राष्ट्रीय चित्रपट संग्रह आहे. जवळ राहत असाल तर आधी प्रेक्षक म्हणून जा.

तिसरी पायरी: प्रत, पडदा, आवाज

हाताशी आलेली प्रत आधी अथपासून इतिपर्यंत बघा. जुन्या मराठी सिनेमांच्या प्रतींत मधूनच एखादा प्रसंग गायब असतो किंवा आवाज ओठांच्या मागे राहतो.

चित्र थोडं फिकं असलं तरी लोक चालवून घेतात, पण संवाद ऐकू आले नाहीत तर वीस मिनिटांत चुळबुळ सुरू होते. प्रोजेक्टरच्या आतल्या स्पीकरवर भागवू नका. दोन स्पीकर भाड्याने आणा, पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि बास कमी करा, म्हणजे बोलणं स्वच्छ येतं. फरशीच्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, म्हणून सतरंज्या अंथरा, खिडक्यांना जाड पडदे किंवा चादरी लावा. त्याने अंधारही होतो. जुना सिनेमा चौकोनी असतो, तो ताणून रुंद पडदा भरू नका, माणसं बुटकी आणि जाडी दिसतात. लॅपटॉपवर येणाऱ्या सूचना आणि तो आपोआप झोपी जाण्याची (स्लीप) सेटिंग बंद करा, चार्जर लावून ठेवा. हे सगळं आदल्या दिवशी, त्याच हॉलमध्ये, त्याच वायरींनी करून बघा.

चौथी पायरी: बोलावणं

निमंत्रणात 'राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त' हे शब्द पहिल्या ओळीत घालू नका. ते वाचून लोकांना वाटतं, आता आपल्याला काहीतरी शिकवणार. त्याऐवजी गोष्टीचा गळ टाका. 'गाभ्रीचा पाऊस'साठी मी असं लिहीन: "बाप जीव देईल या भीतीने घरचे पोराला त्याच्या मागे लावतात. शनिवारी सात वाजता, हॉलमध्ये. नंतर चहा आणि गप्पा." बस. ग्रुपवर एकदा टाका, आणि मग दहा जणांना स्वतः फोन करा. ग्रुपवर होकाराचा अंगठा टाकणारे सगळे येत नाहीत, फोनवर 'येतो' म्हणणारे येतात.

पाचवी पायरी: आधी थोडं, नंतर मनसोक्त

सुरुवातीला तीन-चार मिनिटांहून जास्त बोलू नका. गोष्ट सांगू नका. कोणी केला, कधी केला, आणि हाच सिनेमा का निवडला, एवढं पुरे. दोन तासांच्या आतला सिनेमा असेल तर मध्यंतर नको, चहा शेवटी ठेवा. मध्ये उठलेली माणसं परत स्थिरावायला वेळ लागतो आणि एवढ्या नाजूक सिनेमांना ते सोसत नाही. 'विदूषक'सारख्या लांब सिनेमाला मात्र मध्यंतर द्याच.

संपल्यावर दिवे लगेच लावू नका, नावं संपू द्या. ती नावं वाचणारं दुसरं कुणी नसतं.

मग "कसा वाटला?" असं विचारू नका, उत्तर "छान" येतं आणि गप्पा तिथेच संपतात. सिनेमातला एखादा निर्णय पुढे ठेवा. पोराला बापावर पाळतीला लावणं बरोबर होतं का? 'दोघी'तल्या आईच्या जागी तुम्ही काय केलं असतं? लक्ष्मीकांतला अशी भूमिका पुन्हा का मिळाली नाही, यात आपला प्रेक्षकांचा वाटा किती? पहिलं मिनिटभर कुणी बोललं नाही तर घाबरू नका. थांबा. बहुतेकदा मागच्या रांगेतलं कुणीतरी बोलायला लागतं, ज्याच्याकडून अपेक्षाच नसते. सिनेमा न आवडलेल्यालाही पुरतं बोलू द्या, त्याचं खंडन करायला तुम्ही पुढे सरसावू नका.

दुसऱ्या दिवशी दोन कामं करा. परवानगी देणाऱ्याला कळवा की किती माणसं आली आणि काय बोलली. थिएटरातून चार दिवसांत सिनेमा उतरलेल्या दिग्दर्शकाला अशी दाद क्वचित मिळते. आणि आलेल्यांपैकी जो सगळ्यात जास्त भांडला, त्याला पुढचा सिनेमा निवडायला सांगा.